विचारणाऱ्याचीही नोंद हवी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



हिंजवडीला कुठल्याही आयटी कंपनीत पाहुणा म्हणून गेलात की फाटकावरचा सुरक्षारक्षक आधी वही पुढे करतो. नाव, मोबाइल नंबर, कोणाला भेटायचं आहे, लॅपटॉप असल्यास त्याचा नंबर, आत आल्याची वेळ आणि सही. काही ठिकाणी वहीच्या जागी आता टॅब्लेट आला, पण रकाने तेच. आपण घाईत असतो, वाकडच्या पुलावर आधीच बराच वेळ गेलेला असतो, म्हणून मुकाट्याने लिहून देतो. ही वही नंतर कोण वाचतं, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. आधीच्या पाहुण्याचं नाव आणि नंबर मला दिसतो, तसा माझा नंबर माझ्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला दिसणार. तो कोणी पाहिला, कोणी टिपून घेतला, याची नोंद कुठेही नसते.

आज मला अशाच एका वहीबद्दल बोलायचं आहे, फक्त ती कागदाची नाही. 'ट्रॅफिक' म्हटलं की हिंजवडीकरांच्या पोटात गोळा येतो. मी बोलतोय ती रहदारी मात्र तारांमधली आहे. तुम्ही मोबाइलवर एखादं संकेतस्थळ उघडता तेव्हा तुमच्या इंटरनेट कंपनीच्या यंत्रात एक ओळ लिहिली जाते. कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्याकडे, किती वाजून किती मिनिटं किती सेकंदांनी, किती माहिती गेली आणि आली. त्या संकेतस्थळाच्या यंत्रातही अशीच एक ओळ पडते. या ओळींना आमच्या धंद्यात 'लॉग' म्हणतात. मजकूर त्यात बहुधा नसतो. पोस्टमनने पाकीट न फोडता फक्त वरचे पत्ते आणि टपालाचे शिक्के टिपून ठेवावेत, तसं हे आहे.

पाकीट फोडलं नाही, मग बिघडलं काय, असं कोणी म्हणेल. पण एखाद्या घरी आधी कर्करोगाच्या रुग्णालयाचं पाकीट येतं, मग विमा कंपनीचं, मग वकिलाचं, हे दिसलं की पाकीट फोडायची गरज राहत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेतल्या एओएल कंपनीने संशोधकांच्या सोयीसाठी सुमारे साडेसहा लाख ग्राहकांनी तीन महिन्यांत इंटरनेटवर काय काय शोधलं, त्याच्या जवळजवळ दोन कोटी ओळी जाहीर केल्या. नावं काढून प्रत्येकाला फक्त एक आकडा दिला होता. काही दिवसांतच 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बातमीदारांनी त्यातल्या एका आकड्यामागची जॉर्जिया राज्यातली वृद्ध बाई शोधून काढली. ती आपल्या गावातल्या माळीकामवाल्यांबद्दल, आपल्या आडनावाच्या माणसांबद्दल, आपल्या कुत्र्याबद्दल शोधत होती. तेवढ्यावरून घर सापडलं.

ही झाली पहिली वही. अशा वह्या ठेवाव्या लागतातच. चोरी झाली, बँकेवर सायबर दरोडा पडला, तर माग काढायला दुसरं साधन नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली, तेव्हा तपासाला अशाच नोंदींचा आधार होता. माझा भर आहे तो दुसऱ्या वहीवर. पहिली वही कोणी उघडली, काय विचारलं, कशासाठी विचारलं, उत्तर काय मिळालं, हे लिहून ठेवणारी वही. ती नसली तर काय होतं, याचं उदाहरण दूर शोधायला नको. ते पुण्याच्याच पोलीस तपासातलं आहे.

साल २००७. ऑर्कुट नावाचं संकेतस्थळ तेव्हा तरुणांच्या तोंडी होतं. २०१४ मध्ये ते बंद झालं. त्यावर कोणीतरी छत्रपती शिवाजी महाराजांची विटंबना करणारं चित्र टाकलं. पुण्यात संताप झाला, गुन्हा दाखल झाला. पोलिसांनी गूगलकडून तो मजकूर कोणत्या आयपी पत्त्यावरून आला ते मिळवलं. मग त्या पत्त्याचा ग्राहक कोण, हे इंटरनेट पुरवणाऱ्या दूरसंचार कंपनीला विचारलं. कंपनीने नाव दिलं. ३१ ऑगस्टला बंगळूरमधल्या एका तरुण संगणक अभियंत्याला घरून अटक करून पुण्यात आणलं गेलं. त्या मुलाचा त्या मजकुराशी काडीचाही संबंध नव्हता. कंपनीने दिलेला तपशीलच चुकीचा होता. त्या वेळी तो पत्ता त्याच्याकडे नव्हताच. खरे संशयित पुढे दुसरेच निघाले. तोवर, आणि त्यानंतरही काही काळ, तो येरवड्याच्या तुरुंगात होता. एकूण पन्नास दिवस.

पन्नास दिवस हा आकडा मी अनेकदा मनात मोजून पाहतो. गणपती बसतात, विसर्जन होतं, पितृपक्ष सरतो, नवरात्र येतं.

असं कसं होऊ शकतं? अगदी सहज होऊ शकतं, हे तांत्रिक माणूस म्हणून सांगणं भाग आहे. आयपी पत्ता हा घराच्या पत्त्यासारखा कायमचा नसतो. तो लॉजमधल्या खोलीसारखा आहे. आज सकाळी खोली नंबर बारामध्ये एक पाहुणा, दुपारी दुसरा. म्हणून 'बारा नंबरमध्ये कोण होतं' हा प्रश्न अर्धवट आहे. 'किती वाजता' हा त्याचा दुसरा अर्धा भाग. आणि वेळेचे घोटाळे तर विचारू नका. परदेशी कंपनी वेळ देते ती बहुधा जागतिक प्रमाणवेळेत, आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. कोणी साडेपाच तास मिळवायला विसरतो, कोणी ते दोनदा मिळवतो. सकाळचे आठ की रात्रीचे आठ, हे कागदावर लिहायचं राहतं. अमेरिकेत महिना आधी लिहितात, आपल्याकडे तारीख. त्यामुळे सात ऑगस्टचा आठ जुलै होतो. एखाद्या यंत्राचं घड्याळच चार मिनिटं मागे असतं. यातली कुठलीही एक गोष्ट एका निरपराध माणसाच्या दारात पोलीस आणायला पुरेशी आहे.

आज तर ही लॉजची उपमाही अपुरी पडते. मोबाइलवरच्या इंटरनेटमध्ये एकच सार्वजनिक पत्ता एकाच क्षणी शेकडो ग्राहक वापरत असतात, कारण जुन्या पद्धतीचे पत्ते आता पुरत नाहीत. म्हणजे खोली नव्हे, धर्मशाळेचं दालन. तिथे नेमका माणूस शोधायचा तर पत्ता, सेकंदापर्यंतची वेळ आणि 'पोर्ट' नावाचा आणखी एक आकडा लागतो. तो आकडा विचारणाऱ्याने विचारलाच नाही, तरी उत्तर देणारा काही ना काही उत्तर देऊ शकतो. आणि ते उत्तर छापील कागदावर आलं की कोणी त्याच्यावर शंका घेत नाही.

इथे दुसऱ्या वहीचा उपयोग दिसतो. तिच्यात प्रश्न जसाच्या तसा लिहिलेला असतो. कोणत्या कर्मचाऱ्याने, कोणत्या पत्राच्या आधारे, कोणता पत्ता, कोणती वेळ, कोणत्या प्रमाणवेळेत यंत्राला विचारली आणि यंत्राने कोणत्या ओळी परत दिल्या. दुसरा माणूस तो प्रश्न पुन्हा विचारून पाहू शकतो. वकील ती नोंद मागू शकतो. असं झालं तर अशी चूक पन्नास दिवस टिकत नाही. दोन दिवसांत, नशीब बरं असेल तर दोन तासांत पकडली जाते. वही नसेल तर उरतं काय? 'कंपनीने कळवलं आहे' एवढं एक वाक्य.

आता हे काम प्रत्यक्षात कसं चालतं ते थोडं सांगतो, कारण हिंजवडीत माझं बरंचसं आयुष्य त्यातच गेलं आहे. जिथे नीट चालतं तिथे संवेदनशील नोंदींना हात लावायचा तर आधी कारण लिहावं लागतं. तक्रारीचा क्रमांक टाकावा लागतो. मोठा प्रश्न असेल तर दुसऱ्या सहकाऱ्याची मान्यता लागते. रात्री दोन वाजता सगळं बंद पडलं आणि मान्यता द्यायला कोणी जागा नसेल, तर आगीच्या पेटीची काच फोडून घंटी वाजवावी तशी एक सोय ठेवलेली असते. पण काच फोडली की सगळ्यांना कळतं आणि सकाळी खुलासा द्यावा लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही दुसरी वही प्रश्न विचारणाऱ्यांच्या ताब्यात नसते. तिच्यात फक्त नवी ओळ जोडता येते, जुनी पुसता येत नाही, आणि ती दुसऱ्याच विभागाकडे असते. ज्याच्या हातात तिजोरीची किल्ली त्याच्याच हातात हिशोबाची वही, हे आपल्या वाण्याच्या दुकानातसुद्धा चालत नाही.

अभियंते याला कंटाळतात, हे कबूल करायला हवं. 'दोन मिनिटांच्या कामाला दहा मिनिटांची लिखापढी' हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! पण एके ठिकाणी मी एक गंमत पाहिली. तिथे दर सोमवारी प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याने आदल्या आठवड्यात कोणकोणत्या नोंदी उघडल्या, याची यादी त्याच्याच वरिष्ठाच्या प्रतीसह ईमेलने जाऊ लागली. कोणाला कोणी जाब विचारला नाही, कोणावर कारवाई झाली नाही. तरी सहज म्हणून, कुतूहल म्हणून, 'बघू तरी' म्हणून विचारले जाणारे प्रश्न आपोआप कमी झाले. माणसं वाईट नव्हती. उघड्या दारातून आत डोकावणं हा मनुष्यस्वभाव आहे, आणि समोर आरसा टांगला की तोच माणूस केस नीट करतो.

एक अडचण मात्र खरीच आहे. दुसरी वहीसुद्धा संवेदनशील असते. समजा कोणी विचारलं, 'अमुक नंबरवरून एचआयव्हीची माहिती देणारं संकेतस्थळ उघडलं का?' हा प्रश्न जसाच्या तसा लिहून ठेवला तर उत्तर 'नाही' असलं, तरी त्या नंबराभोवती संशयाची एक ओळ कायमची राहिली. म्हणून नंबर सांकेतिक रूपात ठेवायचा, वही वाचणाऱ्यांची संख्या मोजकी ठेवायची, आणि वही कोणी वाचली याचीही नोंद करायची. यावर लगेच थट्टा होते, की मग तिसरी वही, चौथी वही, हे संपणार कुठे? व्यवहारात ते तिसऱ्या पायरीवर संपतं, कारण तिथपर्यंत पोचणारी माणसं दोन-चारच उरतात आणि ती एकमेकांवर लक्ष ठेवतात.

नोंदी किती दिवस ठेवायच्या, यावर सरकारचे नियम आहेत. 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस भारतातच जपून ठेवावे लागतात. दूरसंचार कंपन्यांना आपल्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवायला डिसेंबर २०२१ पासून सांगितलं आहे. सर्ट-इनच्या त्याच निर्देशात एक कलम घड्याळाबद्दल आहे: सगळ्या यंत्रांची वेळ सरकारी प्रमाण घड्याळांशी जुळवून ठेवा. वर्तमानपत्रांत त्याची फारशी चर्चा झाली नाही, पण येरवड्यातले ते पन्नास दिवस आठवले की मला ते सगळ्यांत माणुसकीचं कलम वाटतं.

कंपन्यांचं झालं. पण सर्वांत जास्त अधिकाराने प्रश्न विचारतं ते सरकार आणि पोलीस. तिथली वही कशी आहे? फेब्रुवारी २०१३ मध्ये राज्यसभेतले तेव्हाचे विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांच्या फोनच्या नोंदी, म्हणजे सीडीआर, अनधिकृतपणे मिळवल्याबद्दल दिल्ली पोलिसांतल्या एका शिपायाला अटक झाली. त्यानंतर नियम कडक झाले. पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यानेच सीडीआर मागवायचा आणि किती मागवले याची माहिती दरमहा जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची, असं ठरलं. तरीही २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी सीडीआर विकण्याचा धंदा उघडकीला आणला. खाजगी गुप्तहेरांना अटक झाली, आणि अटक झालेल्यांत पोलीस दलातलाही माणूस होता. नवऱ्याला बायकोचे फोन हवे होते, कोणाला धंद्यातल्या भागीदाराचे. म्हणजे विरोधी पक्षनेत्याचं गाऱ्हाणं ऐकलं जातं, तुमच्याआमच्या फोनचं गिऱ्हाईक मात्र कोण होतं ते आपल्याला कळतही नाही.

फोन ऐकण्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच, पीयूसीएलच्या खटल्यात, गृहसचिवांचा लेखी आदेश आणि आढावा समिती यांची चौकट घालून दिली. समिती आहे, पण न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ च्या आपल्या अहवालात दाखवून दिलं, की दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या या बैठकीपुढे पंधरा ते अठरा हजार आदेश येतात. तीन-चार सचिव एका बैठकीत पंधरा हजार कागद वाचतील, यावर ज्याचा विश्वास बसेल त्याने बसवावा. वही आहे, पण वाचणारा नाही. शिवाय ही वही जपायचीही नाही! २००७ च्या नियमांनुसार आदेशांची कागदपत्रं, गरज नसेल तर, सहा महिन्यांनी नष्ट करायची. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या नियमांतही तेच आहे. इंटरनेटच्या रहदारीच्या नोंदींसाठी २००९ चे वेगळे नियम आहेत, त्यात ही मुदत नऊ महिने आहे. ऐकलेलं संभाषण नष्ट करणं योग्यच. पण 'कोणी विचारलं होतं' हेही पुसून टाकलं, तर उद्या दाद मागायला गेलेल्या माणसाच्या हाती काय लागणार?

आणखी एक गोष्ट. पुण्यातच फेब्रुवारी २०२२ मध्ये एक गुन्हा नोंदला गेला होता. आरोप असा, की राजकीय नेत्यांचे नंबर भलत्याच नावांनी, गुन्हेगारांची नावं म्हणून कागदावर लावून फोन ऐकण्याची परवानगी मिळवली गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला, त्यामुळे त्याच्या खऱ्याखोट्यात मी शिरत नाही. पण त्या चर्चेतून एक प्रश्न उरलाच: परवानगी देणाऱ्याने कागदावरचं नाव आणि नंबराचा मालक जुळतो का, हे पाहायचं की नाही? ते पाहायला एखादा मिनिट लागतो.

आपल्याकडे पारदर्शकतेची परंपरा नाही असं मात्र कोणी म्हणू नये. सातबाऱ्यावर नवं नाव लागायचं तर फेरफाराची नोंद होते, नोटीस चावडीवर लागते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात. वाटणीवरून भांडणारे भाऊभाऊसुद्धा फेरफाराचा नंबर तोंडपाठ सांगतात. ती बदलाची नोंद झाली; पाहणाऱ्याची नोंद ठेवायची गरज कागदाच्या काळात वाटली नाही, कारण पाहायला तलाठ्याच्या दारात जावं लागे आणि गावाला ते दिसतच असे.

आणि पाहणाऱ्याची नोंद मालकाला दाखवायला सुरुवातही झाली आहे. तुमचा आधार क्रमांक गेल्या सहा महिन्यांत कुठे, कधी तपासला गेला, हे आधारच्या संकेतस्थळावर तुम्हाला स्वतःला पाहता येतं. मोबाइलवर येणारा ओटीपी टाकायचा, यादी समोर. कर्जाच्या पतअहवालात कोणत्या बँकेने तुमची माहिती कधी मागितली, याचं एक पानच असतं. आणि रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये आदेश काढला, की अहवाल पाहिला गेला की ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेलने कळवा. कर्ज मागितलं नसताना असा एसएमएस आला, तर समजावं की आपल्या नावावर कोणीतरी उद्योग करतंय. एस्टोनिया हा जेमतेम तेरा लाख वस्तीचा देश, म्हणजे पिंपरी-चिंचवडपेक्षाही लहान. तिथल्या नागरिकाला कोणत्या सरकारी खात्याने आपली माहिती पाहिली, हे घरबसल्या दिसतं आणि 'का पाहिली' असं विचारता येतं. फोन आणि इंटरनेटच्या नोंदींबाबत आपल्याकडे असं काहीच नाही. चालू तपासात संशयिताला आधी सांगता येणार नाही, हे मान्य. पण तपास संपल्यावर, वर्षाने, दोन वर्षांनी सांगायला काय हरकत आहे?

२०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती कोण पाहतं यावर नजर ठेवणारे लॉग कंपन्यांनी ठेवावेत, आणि ते एक वर्ष ठेवावेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७ पर्यंत. हिंजवडीतल्या अनेक कंपन्यांत त्याचीच धावपळ आहे. मात्र सरकारी यंत्रणांना कायद्यातून सवलत देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. आणि त्याच कायद्याने माहिती अधिकाराच्या एका कलमाची धारही बोथट केली: वैयक्तिक माहिती जनहितासाठी उघड करण्याची जी वाट त्या कलमातच होती, ती काढून टाकली. कायद्यात दुसरीकडे जनहिताची सर्वसाधारण तरतूद शिल्लक आहे, पण अर्ज घेऊन खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला तिथवर कोण पोचू देतंय?

तरी एक अर्ज आजही करता येतो, त्यात कोणाचंही नाव लागत नाही. आपल्या जिल्ह्यात गेल्या वर्षी किती सीडीआर मागवले गेले, त्यातले किती वरिष्ठांनी नाकारले, आणि दरमहाची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयात कोणत्या महिन्यांची जमा आहे. फक्त आकडे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा आणि एक अर्ज पोलीस आयुक्तालयाच्या, दुसरा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला द्यायचा. हिंजवडीकरांचं आयुक्तालय पिंपरी-चिंचवडचं, १५ ऑगस्ट २०१८ पासून. उत्तराची मुदत तीस दिवस आहे.